पुरात येणारी काहील दंगलीत कुठे जाते?

शिरोळ तालुक्यात पुराची पहिली वर्दी सरकारी भोंग्यावरून येत नाही, ती वाडीच्या देवळातून येते. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात कृष्णेचे पाणी चढले, दक्षिणद्वार झाले, की भाविक स्नानाला धावतात आणि त्याच दिवशी कुरुंदवाडपासून राजापूर-खिद्रापूरपर्यंतची माणसे म्हशींची दावी सोडायला लागतात. पुढचे सगळे तालुक्याला तोंडपाठ आहे. २००५, २०१९, २०२१. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. कोल्हापूर शहर तुटले, आणि शिरोळ तर त्याहून आत, दोन नद्यांच्या बेचक्यात.

त्या दिवसांत आधी कोण आले, हे पूरग्रस्ताला विचारून बघा. एनडीआरएफ आले, नौदलाच्या बोटी आल्या, लष्कर आले. त्यांचे उपकार कुणी विसरलेले नाही. पण पाणी उंबऱ्याला लागले त्या रात्री दारात आली ती गुऱ्हाळाची काहील. ज्या काहिलीत उसाचा रस उकळून गूळ होतो, तीच पाण्यात सोडायची आणि बांबूने ढकलत न्यायची. तिला ना टोक ना सुकाणू, जागच्या जागी गरगरते. पण ती ढकलणाऱ्याला माहीत असते की कुठल्या बोळात विजेच्या तारा खाली आल्यात, कुणाच्या परड्यात उघडी विहीर आहे, कुणाच्या माडीवर म्हातारी अंथरुणाला खिळली आहे आणि कोण गडी म्हशी सोडून निघणार नाही म्हणून हट्टाला पेटलाय. ही माहिती कुठल्याही नकाशावर नसते. काहिलीत बसताना कुणी जात-धर्म विचारल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी शेजारच्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गावची नाव उलटली आणि माणसे वाहून गेली. शेजारी धावतो, पण त्याच्याकडे लाइफ जॅकेट नसते, इंजिन नसते, दोरही धड नसतो. तेव्हा मदत गावाच्या हाती द्यायची म्हणजे गावाच्या जिवावर सोडायची असे नव्हे. साधने आणि पैसा वरून यावा, निर्णय खालून व्हावा, एवढाच त्याचा अर्थ.

जगातल्या मोठ्या संस्थांनाही हे कळले आहे, निदान कागदावर. मे २०१६ मध्ये इस्तंबूलला जागतिक मानवतावादी परिषद भरली. तिथे मोठ्या देणगीदारांनी कबूल केले की २०२० पर्यंत मदतीच्या पैशातला चौथा हिस्सा शक्य तितक्या थेट मार्गाने स्थानिक संस्थांच्या हाती द्यायचा. २०२० आले आणि गेले. थेट पोहोचणारा वाटा शेकड्याच्या एकेरी आकड्यातच घुटमळत राहिला. पैसा देणाऱ्याला हिशेब हवा असतो, हिशेबाला इंग्रजी हवे असते, आणि काहील ढकलणाऱ्याला ते येत नाही.

पण आज रमजानच्या या पानावर लिहायचे आहे ते पुराविषयी नाही. पुरात जो शेजारी विचारल्याशिवाय येतो, तो दंगलीत का येत नाही, याविषयी लिहायचे आहे.

आपल्याच जिल्ह्यातले ताजे उदाहरण घेऊ. १४ जुलै २०२४. विशाळगडावरच्या अतिक्रमणाचा वाद पेटलेला, आणि जमावाने गडाच्या अलीकडे, शाहूवाडी तालुक्यातल्या गजापूरच्या मुसलमानवाडीत घरे फोडली, मशिदीची नासधूस केली, गाड्या जाळल्या. वाद गडावरचा आणि संसार मोडले ते खाली वाडीतल्या माणसांचे. कुणी भडकवले, कुणी बघत राहिले, ते तपासाने आणि न्यायालयाने ठरवायचे. त्यात आम्ही शिरत नाही. आमचा प्रश्न साधा आहे. जुलैचा महिना, घाटमाथ्यावरचा पाऊस, फुटलेली कौले, भिजलेले धान्य. खासदार शाहू छत्रपती यांच्यासह नेते येऊन गेले, पंचनामे झाले, बातम्या छापून आल्या. त्यानंतरचे दिवस कसे गेले असतील? डब्यात पीठ कुणी घातले? पोराला शाळेच्या वाटेवर सोबत कुणी केली? कौले शाकारायला कोण चढले?

गजापुरातल्या प्रत्येक घराचे उत्तर आम्ही इथे बसून देऊ शकत नाही, आणि देऊही नये. पण दंगलींचा सर्वसाधारण अनुभव महाराष्ट्रात सगळीकडे सारखाच आहे. पुरानंतर मदतीचे ट्रक कुठल्याही गावातून येतात आणि कुठल्याही दारात थांबतात. दंगलीनंतर ट्रक ‘आपल्या’ लोकांकडून येतो आणि ‘आपल्या’ दारातच थांबतो. मुसलमानाच्या जळलेल्या दुकानाला मुसलमानांची संस्था, हिंदूच्या जळलेल्या दुकानाला हिंदूंची संस्था. दूरवरून धान्य येते, चादरी येतात, भांडी येतात. फक्त समोरच्या घरातून वाटीभर आमटी येत नाही. समोरचा दुष्ट असतो असे नाही. बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो. आपल्यातलेच लोक काय म्हणतील, मोबाइलवर कोण फोटो काढून फिरवेल, आपण गेलो आणि त्यांनी तोंड फिरवले तर काय, या विचारात तो उंबऱ्यात उभा राहतो. पहिल्या दिवशी गेला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी लाज वाटते, आणि आठवडा उलटला की लाजेचे रूपांतर अबोल्यात होते. मग भिंत कुणी बांधावी लागत नाही.

सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत दंगल झाली आणि तिचे लोण सांगली, इचलकरंजीपर्यंत आले, हे आपल्याला आठवते. शिरोळची माणसे दवाखान्याला मिरजेला जातात, बाजाराला इचलकरंजी-जयसिंगपूरला जातात. तिथे संचारबंदी लागली की इथल्या घरात डायलिसिसचा पेशंट खोळंबतो, यंत्रमागावर जाणाऱ्याचा पगार बुडतो, भाजी शेतात सडते. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून दगड उडाले आणि इंटरनेट बंद पडले, तेव्हा हातगाडीवाल्याच्या फोनवर येणारे पैसेही थांबले. संघर्षग्रस्त भाग म्हटला की आपल्या डोळ्यापुढे गाझा, युक्रेन, सीरिया येतात. पण दोन दिवसांची संचारबंदीसुद्धा रोजच्या मजुरीवर जगणाऱ्याच्या चुलीला पुरेशी असते. त्या दोन दिवसांत चूल पेटती ठेवणे हे कुणाचे काम, हे आपण कधी ठरवलेलेच नाही.

इथे रमजानचा संबंध येतो. मुसलमानेतर वाचकांसाठी थोडे खुलासेवार सांगतो. ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर शिल्लक राहिली, त्याने तिच्यातला शेकडा अडीच हिस्सा काढून द्यायचा, ती जकात. जकात म्हणजे भीक नव्हे आणि दानही नव्हे. तो गरिबाचा हक्क मानला आहे. वर्षभरात केव्हाही देता येते, पण बहुतेक लोक रमजानमध्ये देतात. फितरा वेगळा. तो घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी तान्ह्या बाळामागेही, ईदच्या नमाजाआधी द्यायचा. गहू किंवा गव्हाची किंमत, म्हणजे ईदच्या दिवशी कुणी उपाशी राहू नये. आणि सदका म्हणजे मनाने दिलेले काहीही. त्याला मोजमाप नाही आणि घेणाऱ्याच्या धर्माची अटही नाही.

जकात कुणाला द्यायची याची आठ खाती कुरआनाने ठरवून दिली आहेत. फकीर, गरजू, अडलेला प्रवासी ही सगळ्यांना माहीत असलेली. पण त्यात एक खाते कर्जबाजारी माणसाचे आहे, आणि त्याचा अर्थ लावताना अनेक जुन्या भाष्यकारांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली आहे. दोन गटांतले भांडण मिटवण्यासाठी, एकाची नुकसानी दुसऱ्याला भरून देण्यासाठी, ज्याने स्वतःच्या डोक्यावर बोजा घेतला, तो माणूसही या खात्यात बसतो. तो स्वतः गरीब नसला तरीही, असे त्यांतल्या अनेकांचे मत. म्हणजे तंटा विझवायला जो पदरचे घालतो, त्याची भरपाई करणे हे चौदाशे वर्षांपूर्वी समाजाच्या तिजोरीचे काम मानले गेले. आमच्या मशिदींतून जकातीवर दर रमजानला प्रवचने होतात. या खात्याबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. बोलले पाहिजे.

दुसरी गोष्ट स्थानिकपणाची. पैगंबरांनी मुआज या आपल्या साथीदाराला येमेनला पाठवताना सांगितले होते की तिथल्या श्रीमंतांकडून घ्यावे आणि तिथल्याच गरिबांना द्यावे. त्यावरून फिकहच्या पंडितांनी नियम काढला की जकातीवर पहिला हक्क त्याच वस्तीचा. आपल्या देशावर बहुतेक मुसलमान हनफी मताचे आणि कोकणात शाफई. पण या बाबतीत दोन्हीकडे कल एकच. आधी दाराशेजारचा, मग दूरचा. दूर पाठवायचे तर तिथे नातलग असावा किंवा तिथली गरज जास्त मोठी असावी.

प्रत्यक्षात काय होते? रमजान लागला की लांबलांबहून पावतीपुस्तके येतात. कुठल्या तरी राज्यातला कुठला तरी मदरसा, छापील पत्रक, इमारतीचा फोटो. आम्ही पावती फाडतो आणि जबाबदारीतून मोकळे होतो. त्यांतले कितीतरी खरे आणि गरजू असतात, हे मान्य. पण ज्या गल्लीतून पावती फाडून ट्रॅव्हल्स गाठली जाते, त्याच गल्लीत पुराने भिंत पडलेली विधवा अजून ताडपत्रीखाली राहत असेल, तर त्या पावतीचा हिशेब आपल्यालाच द्यावा लागेल. दूरचे दिसते आणि जवळचे दिसत नाही, हा डोळ्यांचा आजार चाळिशीत सगळ्यांना होतो, समाजालाही होतो.

आता जरा दूर जाऊ, कारण तिथे शिरोळच्या कामाची गोष्ट आहे. आफ्रिकेतल्या सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ ला लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. रमजानचा शेवटचा अश्रा चालू होता, लोक रोजात होते. राजधानी खार्टूममधून परदेशी वकिलाती आणि संस्था काही दिवसांत निघून गेल्या. मागे राहिली ती मोहल्ल्यातली पोरे-पोरी. त्यांनी वस्तीवस्तीत मदतीच्या खोल्या उभ्या केल्या; आणीबाणीच्या खोल्या असेच त्यांचे नाव. कुणाकडे इन्सुलिन शिल्लक आहे, कुठला बोअर चालू आहे, कुठल्या रस्त्याने बायकापोरांना बाहेर काढता येईल, याच्या याद्या त्यांच्या मोबाइलवर. आणि सामुदायिक चुली. त्या चुलींना तिथे ‘तकाया’ म्हणतात. मूळ शब्द तकिया. आपल्याकडे गावाबाहेर फकिराचा तक्या असतो ना, तोच. वाटसरूला सावली आणि भाकरी मिळण्याची जागा.

हे एका रात्रीत उभे राहिले नाही. सुदानी लोकांत ‘नफीर’ नावाची जुनी रीत आहे. एकाच्या शेतात सगळ्यांनी राबायचे, मग दुसऱ्याच्या. आपण पैरा म्हणतो, इर्जिक म्हणतो, तेच. २०१३ च्या ऑगस्टमध्ये खार्टूमला मोठा पूर आला तेव्हा तिथल्या तरुणांनी याच नावाने पथके काढली आणि सरकारच्या आधी लोकांपर्यंत पोहोचले. त्या पुरात जे शिकले ते पुढे मोर्चांत कामाला आले आणि दहा वर्षांनी युद्धात कामाला आले. कोण किती विश्वासाचा, कुणाकडे टेम्पो, कुणाचे पातेले मोठे, हे आधीच ठाऊक होते. २०२५ साली या खोल्यांना राइट लाइव्हलिहूड पुरस्कार मिळाला.

पुरस्काराने पातेले भरत नाही, हेही त्यांनी पाहिले. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि सुदानमधल्या शेकडो चुली विझल्या. वेढा पडलेल्या एल-फाशेर शहरात लोकांनी जनावरांची पेंड खाल्ली. शेंगदाण्याचे तेल काढल्यावर राहते ती पेंड. शिरोळच्या कुठल्याही गोठ्यात तिचे पोते सापडेल. ती भिजवून, शिजवून माणसांना वाढणारे हात शेजाऱ्यांचेच होते, आणि त्यातल्या कित्येकांना दोन्ही बाजूंच्या बंदूकवाल्यांनी ‘तू शत्रूला जेवू घालतोस’ म्हणून पकडले, मारले. संघर्षात मदत करणाऱ्याची ही खास अडचण आहे. पुरात पाण्याला बाजू नसते. संघर्षात भाकरीलाही बाजू चिकटते.

मग आपल्याकडे कुणी म्हणेल की हे सगळे ठीक, पण मुसलमान लेखकाला गजापूरच दिसते, काश्मिरातला पंडित का दिसत नाही? प्रश्न रास्त आहे. घर सोडावे लागलेल्या माणसाचे दुःख धर्मावर मोजायचे नसते. पंडितांचेही नाही, काश्मिरी मुसलमानाचेही नाही. आणि या बाबतीत उत्तर द्यायला मराठी माणसेच पुढे आहेत. अहमदनगर जिल्ह्यातून आलेला, पुण्यात शिकलेला अधिक कदम हा तरुण कुपवाड्यात गेला आणि २००२ पासून तिथे त्याच्या संस्थेने गोळीबारात बाप गमावलेल्या मुलींसाठी घर चालवले. मुली मुसलमान, सांभाळणारा हिंदू, भाग दहशतवादाने पोळलेला. दोन्ही बाजूंनी संशय येणारच. तो संशय भाषणाने गेला नाही. तो तिथे राहिला, वर्षानुवर्षे राहिला, म्हणून गेला. पुण्यात संजय नहार यांच्या ‘सरहद’ने काश्मीरची मुले आणून शिकवली. बाहेरचा माणूसही स्थानिक होऊ शकतो. त्याला वेळ द्यावा लागतो आणि परत जायच्या तिकिटाची घाई नसावी लागते.

कोल्हापूरच्या मातीला तर युद्धाने उखडलेली माणसे नवी नाहीत. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे इथे पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत सत्तेने त्यांना सैबेरियात हाकलले होते, तिथून इराणमार्गे ती इथवर आली. त्या छावणीची आम्हाला आवडणारी गोष्ट ही की आतला कारभार त्यांच्याच हाती होता. शाळा त्यांच्या, चर्च त्यांचे, शिक्षक त्यांचे. त्यांना कुणी रांगेत उभे करून केवळ वाडगे पुढे करायला लावले नाही. ती गेली आणि फाळणीने उखडलेले सिंधी त्याच जागी आले. आजची गांधीनगरची कापडपेठ त्यांनी उभी केली. लग्नाचा बस्ता बांधायला तिथे जाणाऱ्या किती जणांना आठवते की आपण निर्वासितांच्या छावणीत खरेदी करतोय?

म्हणजे शिल्लक आपल्याकडे भरपूर आहे. कुरुंदवाडच्या पाच मशिदींत गणपती बसतो. तालमींत पंजेही असतात आणि बाप्पाही. दरवर्षी त्याचे फोटो छापून येतात, आपणही छापतो, आणि वाचून बरे वाटते. पण बँकेतली ठेव केवळ पासबुकात बघून समाधान मानायची नसते. मशीद आणि मंडळ एकत्र बसून आरास करू शकतात, तर एकत्र बसून यादीही करू शकतात. आणि हे भाबडे स्वप्न नाही. २०२० च्या रमजानमध्ये, टाळेबंदीत, शेजारच्या इचलकरंजीत मुस्लिम समाजाने जकात आणि देणग्यांतून ३६ लाख रुपये गोळा केले आणि इंदिरा गांधी रुग्णालयाला दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभारून दिला. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी व्हिडिओवरून त्याचे उद्घाटन केले. त्या खाटांवर कोण झोपले, त्याची नोंद रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये असेल. धर्माचा रकाना बघायची गरज कुणाला वाटली नाही. त्याच्या आदल्या वर्षी महापुरात बकरी ईद आली, १२ ऑगस्टला, तेव्हा या पट्ट्यातल्या अनेक घरांनी सण साधेपणाने केला आणि कुर्बानीचे पैसे पूरग्रस्तांकडे वळवले.

काही ओंगळ गोष्टीही त्याच पुरात पाहिल्या. धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवल्यावरून केवढा गदारोळ झाला होता! धर्म म्हणतो की या हाताने दिलेले त्या हाताला कळू नये, आणि आपण तर देणाऱ्याचे, घेणाऱ्याचे आणि मधल्याचेही फोटो काढतो. दंगलीनंतर हा फोटो आणखी घातक. मदत घेणाऱ्या हिंदू बाईचा फोटो मुसलमान संस्थेच्या फलकाखाली फिरला, किंवा उलट, की तिच्या घरच्यांना उद्या गल्लीत तोंड दाखवणे अवघड होते. म्हणून अशा वेळी कॅमेरा घरी ठेवणे ही मदतीची पहिली अट मानावी.

दुसरी अट बाजारहाटाची. दंगलीनंतर बहिष्काराची आवाहने फिरतात. अमक्याकडून भाजी घेऊ नका, तमक्याच्या दुकानात जाऊ नका. अशा वेळी शंभर किलो धान्य वाटण्यापेक्षा मोठी मदत कुठली, तर ज्याच्याकडून नेहमी अंडी घेत होतो त्याच्याकडून दुसऱ्या दिवशीही घेणे. किराणा दुकानदाराने उधारीची वही बंद न करणे. दूध संस्थेने रोजच्या वेळेला रोजचेच दूध मोजून घेणे. यासाठी निधी लागत नाही, पावती फाडावी लागत नाही. दोन पावले चालावे लागते, आणि त्या आठवड्यात तीच दोन पावले सगळ्यांत जड असतात. म्हणून ती एकट्याने टाकायची नसतात. चौघे मिळून गेले की जाणाऱ्याला भीती कमी आणि ज्याच्याकडे गेले त्यालाही.

गावाने आधी ठरवले तर काय होते, हे याच तालुक्यातल्या हेरवाडने दाखवले आहे. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे बंद. मुंबईहून कुणी सांगायला आले नव्हते. उलट सरकारनेच नंतर राज्यातल्या बाकी ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. मग ‘गावात तणाव झाला तर पहिल्या तीन दिवसांत कोण काय करणार’ असा ठराव शिरोळ, कुरुंदवाड, जयसिंगपूरच्या नगरपरिषदांना आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायतींना करायला काय हरकत आहे? पुराचा आराखडा दर उन्हाळ्यात होतो, त्यालाच दोन पाने जोडायची.

ती दोन पाने कशी असावीत, याबद्दल आमच्या समाजापुरते बोलतो. या रमजानमध्ये प्रत्येक मशिदीच्या जमातीने जकातीची यादी आधी आपल्या वस्तीपुरती करावी, त्यात पुराने पडलेली घरे वेगळी लिहावीत. सदक्याचा एक हिस्सा बाजूला काढावा. जकात मुसलमान गरजूंनाच, असे बहुतेक उलेमांचे मत असल्यामुळे हा हिस्सा सदक्याचाच ठेवावा, म्हणजे तो कुठल्याही दारात नेताना कुणाच्या मनात किंतू राहणार नाही. त्या पैशातून ईदनंतर, मृगाच्या आत, वस्तू घ्याव्यात. लाइफ जॅकेट, जाड दोर, ताडपत्री, दोन मोठी पातेली, गॅसची शेगडी, बॅटऱ्या, ओआरएसची पाकिटे. पुरासाठी घेतलेले पातेले संचारबंदीतही चालते. प्रत्येक गल्लीची दोन माणसे ठरवावीत, एक या समाजातला आणि एक त्या, दोघांचे नंबर पोलिस ठाण्यात आणि तहसील कचेरीत नोंदवावेत, म्हणजे संचारबंदीत पास कुणाच्या नावाने काढायचा हा घोळ होणार नाही. गल्लीतला डायलिसिसचा पेशंट, दिवस भरलेली बाई, एकटा राहणारा म्हातारा यांची यादी या दोघांकडे असावी, आणि दर तीन महिन्यांनी ती नवी करावी, कारण म्हातारी माणसे यादीत फार दिवस थांबत नाहीत. आणि गणेश मंडळांनाही आमचे सांगणे आहे की उरलेल्या वर्गणीचा असाच एक वाटा काढा. आम्ही तुमच्या दारात येऊ, तसे तुम्हीही आमच्या दारात यायचे आहे.

सामान ठेवायला पूररेषेच्या वरची एक खोली लागेल. तिची एक किल्ली मशिदीच्या मुतवल्लीकडे असावी, दुसरी तालमीच्या वस्तादाकडे.